उलटी जर्सी

आमच्या हॉलच्या भिंतीवर दीड वर्ष एक सायकल टांगलेली होती. नवऱ्याने हौसेने घेतलेली, कार्बनची, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. सोबत एका परदेशी संघाची जर्सी, तशीच गादीवाली चड्डी, हेल्मेट, गॉगल. दोन महिने हा गडी रोज पहाटे उठला, मग गुडघा दुखायला लागला आणि सायकल भिंतीवर गेली. पुढे पुढे मी तिच्या हँडलवर ओले रुमाल वाळत घालू लागले. एकदा सहज म्हटलं, मी चालवून बघते. तर पेपरातून मान वर न काढता हा म्हणाला, "तुला नाही झेपायचं. ती साधी सायकल नाहीये."

तेवढं वाक्य मला पुरलं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं खरेदी विभाग सांभाळते. भलेभले पुरवठादार माझ्यासमोर खुर्चीत नीट बसतात. एक्कावन्नाव्या वर्षी मला काय झेपतं हे घरी पेपर वाचणाऱ्या माणसाने ठरवावं, हे काही मला पटलं नाही. त्याच दिवशी सायकल खाली उतरवली आणि कळव्याच्या सायकलवाल्याकडून सीट खाली करून घेतली.

ती खरोखरच साधी सायकल नव्हती. तिच्या पेडलमध्ये खास बुटाचा तळवा अडकून बसतो, टाच बाहेर झटकल्याशिवाय सुटत नाही. कळवा नाक्याच्या सिग्नलला मी थांबले, टाच झटकायची विसरले आणि उभ्याउभ्या आडवी झाले. दोन रिक्षावाल्यांनी मला सायकलसकट उचललं. त्यातला एक म्हणाला, "मावशी, रेस होती का?" कोपर सोलवटलं होतं, पण सायकलला ओरखडा नव्हता, हे आधी बघितलं.

ठाण्याला उपवन तलावाशी दर रविवारी सकाळी सहाला सायकलवाले जमतात, हे मला ऑफिसात कळलं. आठ-दहा जण, सगळे चाळिशीच्या पुढचे. बहुतेकांची पोटं सुटलेली, आणि अंगात मात्र जगज्जेत्यांचे कपडे. कुणाच्या छातीवर परदेशी बँक, कुणाच्या पाठीवर गाद्यांची कंपनी, आणि त्या नावांचे उच्चार कुणालाच येत नव्हते. पण त्यांच्यात एक नियम होता आणि तो फार कडक होता. येऊरच्या डोंगराचा चढ पायथ्यापासून वरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकदाही पाय न टेकवता चढायचा. जोवर तो जमत नाही, तोवर जर्सी उलटी घालायची. जमला की वरती सगळ्यांसमोर ती सुलटी करायची.

नियम घालून देणारे होते दादा. कल्याणच्या बाजूचे, पिढीजात शेतकरी. शेतांवर आता टॉवर उभे आहेत. वय साठीच्या पुढे, सायकल सगळ्यांत महागडी, आणि बोलणं घरच्यासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, जर्सी उलटी कर गो. आपला कायदा हाय."

नवऱ्याचीच जर्सी अंगात होती आणि मी आत टी-शर्ट घातलेला होता, म्हणून तिथेच केली. उलट्या जर्सीचे हाल घालणाऱ्यालाच ठाऊक. पाठीवरचे खिसे आत जातात, त्यामुळे खायला घेतलेलं केळं थेट पाठीला चिकटतं आणि तलावापासून वनखात्याच्या फाटकापर्यंत त्याचं शिकरण होतं. मानेशी धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी लोंबत राहते. येणारेजाणारे हमखास सांगतात, "मॅडम, शर्ट उलटा आहे." मला या सगळ्याची लाज वाटायची. ती जर्सी सुलटी घालून घरी जायचं आणि नवऱ्याच्या पेपरासमोर उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं.

सात रविवार जमलं नाही. फाटक ओलांडलं की चढ सुरू होतो आणि तिसऱ्या वळणावर तो असा उभा राहतो की छातीत भाता चालू होतो. तिथे वनखात्याचा एक फलक आहे, माकडांना खायला घालू नका म्हणून. त्या फलकापाशी दर वेळी माझा पाय खाली यायचा.

आठव्या रविवारी मी ठरवलंच होतं, पाय टेकवायचा नाही म्हणजे नाही. तिसरं वळण आलं, चाकं जवळजवळ थांबली, सायकल डगमगली. टाच झटकायला वेळच नव्हता. मी डावा हात लांब केला आणि फलकाचा लोखंडी खांब पकडला. दोन्ही पाय पेडलमध्ये, मी खांबाला लटकलेली. खांब हाताला गुळगुळीत लागला. वर-खाली गंज चढलेला, पण हाताच्या उंचीवर रंग पार उडून लोखंड चकचकीत झालेलं. माकडं घासत असतील, असं वाटून गेलं.

पाड्यावरची एक बाई डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन चढत होती. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "दमलीस बाय? बस ना जरा." बसायचं म्हणजे पाय टेकवायचा. मी मान हलवली. ती तशीच भारा घेऊन पुढे गेली. मी चांगले दहा-बारा श्वास घेतले, खांबाला रेटा देऊन सायकल पुढे ढकलली आणि वर पोहोचले.

दादा टपरीपाशी उभे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पाय टेकला का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

टाळ्या झाल्या. मी जर्सी सुलटी केली. कुणीतरी फोटो काढला. घरी गेले तर नवऱ्याने पेपर खरंच खाली ठेवला. "एकदाही नाही?" त्याने विचारलं. "पाय नाही टेकला," मी म्हटलं. त्याने तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्याच्या बहिणीला पाठवला, आणि वर लिहिलं, मला वाटलं नव्हतं हिला जमेल. त्याला एवढं खूश मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि मी मात्र त्या फोटोकडे बघायचं टाळत होते.

बुधवारी कपडे धुतले. रंगीत कपडे मी नेहमी उलटे करून वाळत घालते, म्हणजे उन्हाने रंग जात नाही. जर्सीही तशीच घातली. तारेवर ती उलटी लोंबत होती, शिवणी बाहेर, नावं आत. मी चिमटे हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. हे असंच बरोबर आहे, असं मनात आलं आणि माझी मलाच चीड आली. खरेदी विभागात कुणी मला असं शब्दांत पकडून फसवलं असतं, तर मी त्याला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

रविवारी मी उलटी जर्सी घालून उपवनला गेले. सगळे हसले, त्यांना वाटलं घाईत घातली. मी सांगितलं, "मी खांब धरलेला. माकडांच्या फलकाचा."

"अहो, नियम पायाचा आहे," एक जण म्हणाला. "हाताचं कोण बोललंय?" दुसरा म्हणाला, "मॅडम, सोडून द्या ना, झालं ते झालं." सगळ्यांनी मला समजावलं. दादा तेवढे मान खाली घालून बाटलीचं झाकण लावत बसले होते. मला वाटलं, त्यांचा कायदा मोडला म्हणून रागावले असतील.

त्या दिवशी मी खांबाकडे हात नेला नाही आणि पाय टेकला. पुढच्या रविवारीही टेकला. नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "कशाला सांगितलंस? चाललं असतं की." मी म्हटलं, "तुला चाललं असतं." मग आठवडाभर मी ऑफिसातून सायकलवरूनच घरी येताना कळव्याच्या पुलावर सगळ्यात जड गिअर टाकून चढत होते. मागून बस हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत.

त्यानंतरच्या रविवारी उपवनला पोहोचले तर गाडीच्या टपावरून सायकल उतरवणाऱ्या दादांच्या मानेशी धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी लोंबत होती. जर्सी उलटी होती. कुणाला काही विचारायचा धीर होईना. सगळे आपापल्या चाकांत हवा बघू लागले.

दादाच म्हणाले, "बघताव काय? म्या पन त्योच खांब धरलेला. पयल्या वर्षी. कायदा म्याच केला आन म्याच..." मग ते हेल्मेटचा पट्टा आवळत बसले.

खांबावरचा रंग मला आठवला. एकट्या दादांच्या हाताने तो तेवढा उडाला नसता. मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

आम्ही निघालो. फाटक, पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणाला चाकं मंदावली. खांब हाताच्या अंतरावर आला. दोन्ही हातांनी हँडल असं आवळलं की बोटं पांढरी पडली. मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, एक, दोन, शाळेच्या कवायतीत मोजायचे तसं. अठरा वेळा मोजलं आणि फलक मागे गेलेला होता. मग रडू आलं, पण रडताना श्वास पुरत नाही म्हणून ते आवरलं आणि तशीच चढत राहिले.

वर टपरीपाशी पोहोचले तेव्हा बाकीचे चहा घेत होते, पण विचारायला कुणीच नव्हतं. विचारणारे दादा अजून खालीच होते. मी जर्सी तशीच ठेवली आणि वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने ते आले, चालत, सायकल हातात धरून. घामाने निथळत होते. पाणीसुद्धा न पिता त्यांनी आधी मला विचारलं, "पाय टेकला का?"

"नाही."

"हात?"

"नाही, दादा."

"मंग सुलटी कर," ते म्हणाले.

मी केली. टाळ्या फक्त त्यांनी वाजवल्या, पण त्या दोन्ही हात उंच करून. मग खाली बसून बूट सोडले आणि पायाच्या पोटऱ्या चोळत म्हणाले, "माजा पन होनार. साठ वर्सं झाली म्हनून काय झाला?"

त्यांना अजून जमलेलं नाही. दर रविवारी ते उलटी जर्सी घालून येतात, आणि मी पुढे न जाता त्यांच्या बाजूने चढते. खांब आला की दोघंही मोठ्याने मोजायला लागतो.