मोहियुद्दीनच्या नावाचा उमरा

जमालुद्दीन थकला होता, आणि हा थकवा एका झोपेनं जाणारा नव्हता. बावीस वर्षं सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत रिगरचं काम, म्हणजे क्रेनखाली उभं राहून टनावारी लोखंड जागेवर बसवायचं. त्यात नुकतंच एकवीस दिवसांचं शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्ती, संपलेलं. दुसरा कुणी असता तर कॅम्पच्या खोलीत एसी लावून आडवा झाला असता. पण ह्याची आई, हफीजा, दाभोळकडच्या गावाहून उमऱ्याच्या, म्हणजे छोट्या हजच्या, व्हिसावर मक्केत येऊन बसली होती. गुडघे कामातून गेलेले, हौस मात्र दांडगी.

स्वतःचा उमरा झाला की माणूस गेलेल्यांच्या नावानंही करू शकतो. दर खेपेला मक्केच्या हद्दीबाहेर आयशाच्या मशिदीत जायचं, नव्यानं नियत, म्हणजे संकल्प, करायची, परत येऊन काब्याभोवती सात फेरे, मग सफा-मरवा ह्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा. हफीजानं नवऱ्याचा केला, आईचा केला, सासऱ्याचा केला. एवढंच काय, जन्मभर जिच्याशी कुंपणावरून भांडली त्या जावेचाही केला. प्रत्येक वेळी यान्बूहून बस पकडून व्हीलचेअर ढकलायला जमाल. राहिला होता फक्त तिचा बापूस.

मोहियुद्दीन एक्केचाळीस साली पलटणीबरोबर सिंगापूरला गेला तेव्हा हफीजा पोटात होती. सिंगापूर पडलं, तो जपान्यांच्या कैदेत गेला. लढाई संपल्यावर सरकारी कागद आला, ‘बेपत्ता’. शेजारच्या गावचा एकजण जिवंत परतला, तो म्हणाला, आम्हाला जहाजात कोंबून दूर पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर नेलं, तिथपर्यंत मोहियुद्दीन सोबत होता. एवढ्यावर हफीजाच्या आईनं इद्दत, म्हणजे विधवेचा दुखवटा, पाळली नाही, हातातल्या हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत, आणि मरेपर्यंत पाहुणा आला की आधी अंगणात जाऊन बघायची. लेकीनं तोच हट्ट उचलला. उमरा मेलेल्याच्या नावानं करतात. बापूस मेला असं कुणी सांगितलंय? त्याची कबर दाखवा, मग करते.

आता ही दाखवायची कुणी? तर जमालनंच. कारण त्यानंच एकदा फोनवर बोलून ठेवलं होतं की आमचा इन्स्पेक्टर कॉलिन, ऑस्ट्रेलियाचा, त्याच बेटावर आपल्या काकाची कबर बघायला चाललाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कॉलिन परतला तो उन्हानं सोललेलं नाक घेऊन. भला माणूस. दोन दिवस लष्करी कबरस्तानात रांगेरांगेनं फिरला होता. काकाची कबर पहिल्या तासातच सापडली, उरलेला सगळा वेळ त्यानं मोहियुद्दीनला दिला. स्मारकाच्या भिंतीवरची नावं वाचली, रजिस्टर पालथं घातलं, गवत कापणाऱ्या माळ्यालाही विचारलं. शेकडो हिंदुस्तानी सैनिक तिथं झोपलेत, पण हे नाव कुठंच नाही. शेवटी त्यानं एका रांगेचा फोटो काढून आणला. “सॉरी, जमाल,” म्हणाला, “ह्यांच्यापैकी कुणीही असू शकेल.” जमालला त्याक्षणी आजोबापेक्षा स्वतःचंच जास्त वाईट वाटलं.

मक्केच्या बसमध्ये चार तास त्यानं तो फोटो मांडीवर ठेवून विचार केला. खरं सांगितलं तर आई चार दिवसांनी हात हलवत परत जाणार, आणि ह्या वयात पुन्हा येणं काही खरं नाही. बापाच्या नावाचा उमरा राहिला तो राहिलाच. खोटं सांगितलं तर एक शेवटची खेप ढकलायची, मग खलास. माणूस थकला की त्याला खोटं फार सोपं दिसतं.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, लॉजच्या खोलीत त्यानं फोटो पुढं केला. सात पांढरे दगड, एका रांगेत, भोवती हिरवंगार गवत.

“हा बघ, आई. मधला. नानाचा.”

हफीजानं चष्मा पुसला. वरची अरबी ओळ तिनं बोट ठेवून वाचली. “हुवल-गफूर.” तोच माफ करणारा. मग खाली इंग्रजीवर बोट नेलं. “आणि नाव? नाव हे?”

“हो. मोहियुद्दीन लिहिलंय.”

तिला इंग्रजी येत नव्हतं. पण साठावर वर्षं जिनं एका नावाची वाट पाहिली तिला डोळे होते. बोट शेजारच्या दगडावर गेलं, मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडे तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

“जमाल, ह्या सगळ्यांचं नाव मोहियुद्दीन हाय?”

तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याची मान वर होईना. “नाही, आई. ‘हिंदी सैन्यातला एक सैनिक’, एवढंच लिहिलंय सातही दगडांवर. नाना कुठला ते कुणालाच माहीत नाही. मी खोटं बोललो. मी दमलोय गं.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खिडकीखालून माणसांचा लोंढा हरमकडे, काब्याच्या मशिदीकडे, चालला होता. तिनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्यांदाच, बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच, बापासाठी रडली.

“ह्यातला एक तरी माझा असंल,” ती म्हणाली. “आणि बाकीच्यांच्या लेकी कुठं आल्यात इथं?”

तिनं बोटानं सातही दगड मोजले.

“दिवस किती राहिले?”

“चार.”

“म्हंजे रोजचे दोन उमरे, शेवटच्या दिशी एक.” तिनं डोळे पदरानं पुसले, आणि भिंतीला धरून उठली. “तू झोप थोडा. दिवस बुडून मगरिब झाली की पहिल्या दगडापासून सुरू करू.”