आरशासारखा पाटा

आमच्या वहिनीला पनवेलच्या नव्या बंगल्यात जुनं आणि नवं एकत्र असलेलं किचन हवं होतं. चिमणी, हॉब, ट्रॉल्या सगळं नवं, आणि जुनं म्हणून एकच वस्तू: आईचा वाटणाचा पाटा. आई दर वर्षी त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने ठोकून खडबडीत करून घ्यायची. त्याशिवाय त्यावर काही वाटलं जात नाही. दादाने अक्कल गहाण टाकून तो ग्रॅनाइटवाल्याकडे नेला आणि आरशासारखा पॉलिश करून आणला. मग तो ओट्यात पक्का बसवला, वर दिवा लावला.

वास्तुशांतीला खारघरहून वहिनीच्या मैत्रिणी आल्या. "आई, जरा वाटून दाखवा ना," म्हणत वहिनीने मोबाइल समोर धरला. आईने मिरच्या घेतल्या, वरवंटा ओढला. मिरच्या सुळकन घसरून खाली पडल्या. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. मैत्रिणी हसायला लागल्या. सगळ्यांत मोठ्याने हसला तो दादा. याच पाट्यावरचं वाटण खाऊन वाढलेला.

आईने दगडावरून एकदा तळवा फिरवला. तिला सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "माजाच मनगट गेलाय, दुसरा काय नाय."

"वय झालं तिचं," दादा पाहुण्यांना म्हणाला.

पाट्यावरचा दिवा अजून जळतो. आईला मात्र त्या दिवसापासून ओट्याशी उभं राहू देत नाहीत. मनगट गेलंय ना तिचं.