मोनीमावशीची मार्गशीर्षातली अंडी

मोनीमावशी अंडं कधी नुसतं हातात देत नसे. आधी कानाशी धरून हलवायची, मग मुठीची नळी करून उन्हाकडे धरून बघायची आणि आपल्या तळहातावर ठेवताना बजावायची, "नीट घे गो, फुटलं तर मोनीचं नाव नको." नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमच्या वाडीला लागूनच तिचं घर. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वीसेक गावठी कोंबड्या, पाच बदकं आणि एक टोपली, एवढाच संसार. ती टोपली बारा महिने भरलेली असे आणि त्याचा तिला भारी तोरा. "मोनीची कोंबडी सुट्टी घेत नाय," म्हणायची, आणि सगळा गाव ते खरं मानायचा.

मी त्या गावात सून म्हणून आले ती तुळशीच्या लग्नानंतर लगेच. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी माप ओलांडलं आणि आठ दिवसांत सासूबाईंच्या खुराड्यातली अंडी बंद झाली. आधी दोन कोंबड्या थांबल्या, मग साऱ्याच, पाठोपाठ बदकंही. सासूबाईंनी मिरच्या ओवाळल्या, खुराड्याला धुनी दिली, मुंगूस येतंय का म्हणून पाळत ठेवली. कशानेच काही होईना, तेव्हा त्यांची नजर माझ्या पायांकडे वळली.

आधी मला परसात जायची बंदी झाली. मग शेजारणींपुढे उघडच सुरू झालं, "आज खुराडं आटलं, उद्या वाडी आटेल." नवरा मान खाली घालून जेवायचा. त्याचा मला इतका राग यायचा की ताटात भात जोरात आपटावासा वाटे. एके दिवशी सासूबाईंनी माझ्या दादाला निरोप धाडला, बहिणीला काही दिवस घेऊन जा. 'काही दिवस' म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही कळतं. माझ्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत आलेली मुलगी ठरले असते तर त्यांना कोणी विचारलं नसतं.

रविवारी सकाळी दादा येऊन ओट्यावर बसला. माझी ट्रंक बाहेर काढून ठेवलेली. दादाने हात जोडले, "आई, कोंबड्यांचं काय मनावर घेता?" तेवढ्यात मोनीमावशी चर्चमधली मिसा आटोपून टोपली घेऊन आली. नाताळ तोंडावर आलेला, घरोघर केकसाठी अंडी हवी होती. सासूबाईंनी तिच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

"बघ रे बाबा. हिच्या घालतात. मधी एक कुंपन. हवा तीच, पानी तेच. मग माज्याच कशा थांबल्या? माज्या घरात नवं कोन आलं?"

मोनीमावशीने माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि टोपली उचलून चालू लागली. दादाने ट्रंकेची कडी धरली.

कुंपणाशी पोचलेली ती थांबली. मग परत आली आणि मला म्हणाली, "चुलीतली राख आन. नि ओलं फडकं."

ओट्यावर बसून तिने टोपलीतलं एक तांबूस अंडं राखेने घासायला घेतलं. घासता घासता ते पांढरं पडलं. पोल्ट्रीची पांढरी अंडी तेव्हा काही वर्षांपासून बाजारात येऊ लागली होती.

"बाजारातली आनून गार चहात बुडवून ठेवते मी," मोनीमावशी खाली बघत सासूबाईंना म्हणाली. "जानकीबाय, माजं खुराडं पन रिकामंच हाय. दरसालचं हाय ते. दिवस आखडला की कोंबडी पिसं टाकते. नवी पिसं करील का अंडी घालील? माघात दिवस वाढू दे, परत घालतील. माज्या घरी कुठली सून आली, सांग!"

मग तिने आमची एक कोंबडी पकडून उलटी धरली, सासूबाईंचं बोट तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दाबलं. "एक बोट जात नाय. घालत असती तर दोन गेली असती. आता चल माज्याकडं, माज्या बी दाबून बघ."

सासूबाई खरंच गेल्या. परत आल्या त्या ट्रंक उचलून आत घेऊन गेल्या. दादा एकटा घरी गेला. माघात कोंबड्या घालू लागल्या, पण त्याआधीच चहाची गोष्ट गावभर होऊन मोनीमावशीची गिऱ्हाइकं तुटली होती. नंतर तिच्या खऱ्या गावठी अंड्यांनाही लोक ओल्या फडक्याने पुसून बघत. पुढे तिने कोंबड्या काढून टाकल्या आणि ती दुसऱ्यांच्या वाडीत केळी वाहायला लागली.

एकदा विहिरीवर मी रडत म्हटलं, "मावशी, माझ्यापायी झालं हे."

"तुज्यापायी नाय गो," ती घागर डोक्यावर घेत म्हणाली. "दर नाताळाला फादरपुढं हे पाप सांगायची. माफी घ्यायची नि पुढच्या साली परत चहा ठेवायची. तुज्या सासूपुढं सांगितलं, तवा कुठं ते सुटलं."

ती गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली. माझ्या बहिणी आपापल्या घरी सुखी आहेत. पण एक गोष्ट मी त्यांनाही कधी सांगितली नाही. कोंबड्या काढण्याआधी दोन वर्षं ती टोपली घेऊन आमच्या दारावरून रोज जायची, माझ्याकडे बघून हसायची, आणि फसवणारीची अंडी घरात नकोत, या सासूबाईंच्या धाकाने मी तिच्याकडून एक अंडंसुद्धा घेतलं नाही.