मंजळ कामालै!

माझ्या शरीराने माझंच रक्त फोडायला घेतलं, तेव्हा मी शांतपणे अंगाला हळद लावत होतो.

बँकेने चेन्नईला बदली केली आणि वेलचेरीच्या डासांनी मलेरिया दिला. ताप उतरला, पण तो परतू नये म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी जिना चढताना धाप लागली. लघवी तर काळ्या कॉफीसारखी!

बायको म्हणाली, "अहो, गोळ्या थांबवा."

"कोर्स अर्धवट सोडायचा नसतो! डॉक्टर तू का मी?" मी खेकसलो. (दोघंही नव्हतो.)

तेवढ्यात घरमालकीण मामी आल्या आणि माझे डोळे बघून किंचाळल्या, "अय्यय्यो! मंजळ कामालै!"

मंजळ म्हणजे हळद, हे मला वाण्याच्या कृपेने पाठ होतं. मी ऐटीत भाषांतर केलं, "हळद कामाला येईल म्हणतायत!"

झालं! सकाळ-संध्याकाळ हळदीचं दूध, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत लेप. लग्नातसुद्धा मला इतकी हळद लागली नव्हती. गोळ्या चालूच! दोन दिवसांनी मामी पुन्हा आल्या आणि दुप्पट ओरडल्या, "मंजळ कामालै! मंजळ कामालै!"

माझं डोकंच फिरलं. "लावतोय की हो, मामी! आता काय पोत्यात बसू?" एवढं ओरडलो आणि घेरी येऊन पडलो. मामींनीच ऑटो बोलावली.

डॉक्टरांनी माझा गाल पुसला, पिवळं झालेलं बोट बघितलं आणि ते इंग्रजीत कडाडले, "मंजळ कामालै म्हणजे कावीळ! तांबड्या पेशी चार महिने जगतात, मग प्लीहा त्यांना मोडीत काढते. त्यातून हा पिवळा रंग येतो. तुमच्या पेशींत एक एन्झाइम जन्मापासून कमी आहे. ही मलेरियाची गोळी पोटात गेली की त्या भराभरा फुटतात. आणखी चार गोळ्या घेतल्या असत्यात, तर संपला होतात!"

"मग आधी तपासायला काय झालं होतं?" मी गरजलो.

"लघवी काळी झाल्यावर तुम्हाला यायला काय झालं होतं?" ते माझ्याहून मोठ्याने गरजले.

गोळ्या बंद झाल्या, रक्ताची पिशवी लागली. हा दोष आईकडून येतो असं कळताच मी पडल्यापडल्या पुण्याला फोन लावला. "आई, तुझ्यामुळे माझं रक्त फुटतंय!"

"ढकल, सगळं माझ्यावर ढकल!" आई भडकली. "रक्त माझ्याकडून, संताप बापाकडून. तुझं स्वतःचं असं काही आहे का रे?"

बायकोने फोन माझ्या हातून ओढून घेतला.

"आहे ना, आई. यांचं तमिळ!"