आधी शॉर्ट, मग जोड

दोनदामास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. कुठलाही पार्ट जोडण्याआधी ते मीटर दोनदा लावत, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव दिलं. आपल्या हातून आजवर एकही पार्ट जळला नाही, हे ते चहा पिता पिता सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

त्यांच्या मेहुण्याचं लाकूडकामाचं वर्कशॉप होतं. करवतीच्या टेबलावर, जिथे कापायचं तिथे, त्याला लेझरची लाल रेघ हवी होती. मास्तरांनी त्याला तयार वस्तू घेऊच दिली नाही. लेझर डायोड म्हणजे भारी नाजूक जात, करंट जरा वाढला की संपली. त्याला मोजून करंट देणारं ड्रायव्हर सर्किट मी घरी करतो म्हणाले, आणि आठ दिवसांत केलंही. रेघ पाडणाऱ्या भिंगासकट डायोड आणला पार्टवाल्या वहिनींकडून. वहिनी म्हणजे त्यांच्या जिवलग दोस्ताची बायको. दोस्त गेल्यावर त्याच्या दुकानात काउंटरवर त्या बसू लागल्या, आणि मास्तर म्हणतात माल चांगला, एवढ्यावर निम्मा बाजार त्यांच्याकडे यायचा.

रविवारी सकाळी मेहुणा रेघ बघायला येऊन बसला. मास्तरांच्या टेबलासमोर भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद होता: आधी शॉर्ट, मग जोड. ड्रायव्हर आधी खोट्या लोडवर, म्हणजे चार साध्या डायोडांवर तपासायचा. तो लोड काढला की टोकाशी बसवलेला, वीज साठवणारा कपॅसिटर भरून बसतो आणि सप्लाय बंद केला तरी भरलेलाच राहतो. त्याच्या दोन टोकांना वायर टेकवून, म्हणजे शॉर्ट करून, तो रिकामा केल्याशिवाय लेझर जोडायचा नाही, नाहीतर साठलेलं सगळं त्या बिचाऱ्याच्या अंगावर. त्यासाठी दोन्हीकडे चिमटे लावलेली एक निळी वायर होती, आणि ती वेळेवर हातात देणं हे लग्न झाल्यापासून बायकोचं काम.

मीटरनं साठ मिलिअँपिअर दाखवले. मास्तरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा साठ.

"भाऊजी, तिसऱ्यांदा मोजेपर्यंत माझी करवत गंजेल हो," मेहुणा म्हणाला.

मास्तर हसले, पण टोमणा लागला. त्यांनी झटक्यात लोड काढला, सप्लाय बंद केला आणि जादूगारासारखा डायोड उचलला.

"अहो, ही..." बायको म्हणाली.

"थांब गं, मध्ये बोलू नकोस."

त्यांनी डायोड जोडला आणि बटण दाबलं. भिंतीवर रेघ आली नाही. डायोड नुसता मिणमिणत राहिला, जुन्या रेडिओच्या दिव्यासारखा. मीटर मात्र साठच दाखवत होता. काय झालं ते मास्तरांना त्याच क्षणी कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय झालं?" मेहुण्यानं विचारलं.

"डायोड खोटा निघाला. हल्ली माल तसलाच येतो."

बोलून गेले. बायकोनं हातातली निळी वायर गुंडाळली, खिळ्याला अडकवली आणि ती आत गेली.

सोमवारी दुपारी मेहुणा परत आला तो छाती फुगवून. वहिनींच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, खोटा माल विकता म्हणून त्यानं त्यांना चांगलंच झाडलं होतं. वहिनी भांडल्या नाहीत म्हणे. एवढंच म्हणाल्या, मास्तर म्हणाले का, मग असेल. आणि डायोडांचा अख्खा डबा त्यांनी फळीवरून खाली उतरवला.

तो गेल्यावर मास्तर ताटावर बसले, पण घास तोंडात फिरू लागला.

"तू बघितलंस ना रविवारी?"

"वायर माझ्याच हातात होती."

"मग त्याला आत्ता सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली.

मंगळवारी वहिनींचं दुकान उघडताच मास्तर ड्रायव्हर, बॅटरी, मेलेला डायोड आणि निळी वायर पिशवीत घालून गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. काउंटरवर लाउडस्पीकरवाला उभा होता. याच चुकीबद्दल मास्तरांनी त्याला याच दुकानात, चारचौघांत, गाढव म्हटलं होतं. त्याला बघून जुळवलेली वाक्यं पार विस्कटली.

"वहिनी, तो डायोड... म्हणजे, कदाचित..."

"मास्तर, आधी मला माफ करा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर लोक येतात आणि मी तुम्हालाच तोंडघशी पाडलं. डबा बांधून ठेवलाय, परत पाठवते."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतला मेलेला डायोड काढून काउंटरवर ठेवला.

"माल चांगला आहे. मी जाळला. कपॅसिटर रिकामा न करता जोडला, आणि नाव तुमचं घेतलं."

लाउडस्पीकरवाल्यानं मान वळवून एकदम फळीवरच्या फ्यूजांमध्ये लक्ष घातलं. तो हसला असता तर बरं झालं असतं.

वहिनींनी डब्याची सुतळी सोडायला घेतली. गाठ पक्की होती.

"आमच्या यांनीसुद्धा असाच जाळला होता एकदा. तुम्ही महिनाभर चिडवत होतात. पण यांनी कोणाचं नाव नव्हतं घेतलं." गाठ सुटली. "काल दिवसभर मी एकेक डबा उघडून बघत होते. वाटलं, हे गेले आणि आपल्याला मालाची पारख म्हणून उरली नाही. दुकान बंद करावं."

वहिनींनी डब्यातला एक डायोड काढून समोर ठेवला.

"लावा."

मास्तरांनी बॅटरी जोडली, खोटा लोड लावला, मोजलं, काढला, सप्लाय बंद केला. वहिनींनी हात पुढे केला. "वायर द्या इकडे." त्यांनी स्वतः दोन्ही चिमटे टेकवले, मनात पाच आकडे मोजले आणि मग वायर काढली. मास्तरांनी डायोड जोडला आणि बटण दाबलं. समोरच्या खणांवरून सरळ लाल रेघ पडली.

"झालं ना समाधान?" मास्तर हळूच म्हणाले.

"माझं झालं. पण तुमचे मेहुणे मोठ्यानं बोलले होते. त्यांना घेऊन या, गिऱ्हाईक असेल अशा वेळी."

"मी बोलतो मोठ्यानं. चूक माझी आहे."

"चूक तुम्ही आत्ता सांगितलीत. शब्द त्यांनी टाकलेत, ते त्यांना उचलू द्या. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

संध्याकाळी पाच वाजता, गर्दीच्या वेळी, मेहुणा दुकानात मोठ्यानं बोलला. भाऊजींनी मला चुकीचं सांगितलं होतं, माल खरा आहे, असं दोनदा बोलला. मास्तर शेजारी उभे होते, हातातल्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत.