भिंतीला लावलेल्या खुर्च्या
अड्यारच्या पोस्टात काल बाकावर बसलो होतो, तेवढ्यात पार्सलवर लावायला वितळवलेल्या लाखेचा वास आला आणि मला ती प्रयोगशाळा आठवली, जिथं बलात्काराच्या तपासात घेतलेले नमुने वर्षानुवर्षं न तपासता कपाटांत पडून होते. ते तपासून संपवायला सरकारी निधी आला होता, आणि तो मार्चअखेरपर्यंत नीट खर्च होतोय ना, हे बघणं माझं काम होतं. काम भराभर व्हावं म्हणून मी त्यातून चांगल्या गादीच्या खुर्च्या घेतल्या. महिन्याभरानं पाहणीला गेलो, तर सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. टेबलाशी पन्नाशीच्या तज्ज्ञ बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या दोघी मदतनीसही उभ्याच. मी जरा चिडूनच विचारलं, "मॅडम, खुर्च्यांना काय झालं?" "खुर्च्या छान आहेत सार, लिहिताना बसतो आम्ही," त्या तमिळमध्ये शांतपणे म्हणाल्या, "पण या पाकिटात जिचे नमुने आहेत, ती बाई इतकी वर्षं आपली वाट बघत थांबलीय. तिचं सील बसून कसं फोडायचं?" मग त्यांनी पुढचं पाकीट दोन्ही हातांनी उचललं, नंबर मोठ्यानं वाचला. वाळून गेलेली लाख तडकली, तिचे लाल कण टेबलावर पडले. मी फाईल मिटली आणि ते पाकीट होईपर्यंत त्यांच्याबरोबर उभा राहिलो. काल पोस्टात शेजारच्या माणसानं विचारलं, "सार, तुमचा नंबर आला का?" तेव्हा कुठे कळलं, की मी उठून उभा आहे. नाही म्हणालो, पण खाली बसवेना.