पार्वतीची ओटी

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो, तेव्हा पिशवीत जपून न्यायच्या दोनच वस्तू होत्या. एक जुनी कादंबरी आणि एक हिरवा खण. दोन्ही माझ्या पत्नीच्या, सुमनच्या. तिला जाऊन चार महिने झाले.

कादंबरीचं नाव 'राहिलेला नवस', लेखक शांताराम नाईकधुरे. सुमनने ती लालबागच्या माहेराहून आणलेली. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण देवभोळं पुस्तक म्हणून ते कधी उघडलं नाही. माझ्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिने माहेरच्या चाळीजवळच्या देवीला ओटीचा नवस बोलला होता. मी बरा झालो. मुंबईचं जाणं मात्र पुढे ढकलत राहिलो, आणि तीच अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "माझं पार्वतीसारखं झालं."

कोण पार्वती, मला ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर पुस्तक वाचलं. पार्वती ही गिरणी कामगाराची बायको. तापाने फणफणलेल्या नवऱ्यासाठी ओटी बोलते, तो उठतो, आणि नवस फेडण्याआधी तीच मरते. खण ट्रंकेत राहतो. कादंबरी तिथेच संपते. त्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ओटी भरली. काळजी नसावी.' सुमनचं लहानपणचं अक्षर असावं, असं मी धरून चाललो.

दादरला उतरून आधी गिरगाव गाठलं. तिथल्या जुन्या वाचनालयात लेखकाची चौकशी केली. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नाईकधुरे? पुस्तक वाळवीने वाचलं हो. तुमच्याआधी तिलाच हवं होतं. पण ते सभासद होते आमचे. थांबा."

जुन्या वहीतला पत्ता त्यांनी वाचून दाखवला. तो मला पाठ होता. लग्नाआधी मी सुमनला त्याच चाळीत पत्रं पाठवली होती, फक्त खोली वेगळी. सुमनने लेखकाबद्दल कधी सांगितलं नाही, की मीच विचारलं नाही, कोण जाणे.

बसमध्ये पुन्हा पानं चाळली. नाईकधुरे भक्तीवर प्रवचन देत नाहीत. त्यांची पार्वती चूल फुंकताना देवीला घरच्या कटकटी सांगते, तिच्याशी भांडते, आणि उत्तर आलं नाही तरी उद्या पुन्हा बोलते. इतकी साधी श्रद्धा इतक्या कमी शब्दांत मी क्वचितच वाचली आहे. वाचण्याच्या नादात परळलाच उतरलो, थांबा चुकला. मग गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांखालून चालत निघालो. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरचीच्या खाटाने (तिखट धुराने) ठसका लागला, डोळे वाहू लागले.

"काका, रडू नका, पाव किलो घ्या," दुकानदार म्हणाला. मी निमूटपणे मसाला घेतला.

चाळीत नाईकधुऱ्यांची सून भेटली. इंदूबाई, ऐंशीच्या पुढच्या. सुमनचं नाव सांगताच त्यांनी खुर्ची ओढली.

"दुसऱ्या माळ्यावरची सुमी? म्हणजे तुम्ही आमच्या चाळीचे जावई. असे उंबऱ्यात काय उभे? बसा गुमान." समोर घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे) आणि काळ्या वाटाण्याची उसळ आली. सुमन गेल्याचं कळल्यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

मी शेवटचं पान दाखवलं. "हे सुमनचं अक्षर ना?"

त्या हसल्या. आपल्या देव्हाऱ्यातलं पुस्तक त्यांनी आणलं. तीच ओळ, तीच वळणं.

"मामंजींचं. पुस्तक आलं तेव्हा चाळीतल्या बायका भांडायला आल्या. म्हणे, भावोजी, नवस तसाच ठेवून बाईला मारलीत? तिचा जीव घुटमळेल की. मग पाच जणींनी जाऊन पार्वतीची ओटी भरली आणि मामंजींच्या हातावर प्रसाद ठेवला. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. मग मामंजी दारोदार फिरले. ज्याच्या घरी पुस्तक, त्याच्या घरी जाऊन हे लिहिलं."

"पण पार्वती तर खोटी, कादंबरीतली."

"जावईबापू, नवस खोटा होता काय?"

मी पिशवीतून खण काढला आणि सुमनचा राहिलेला नवस सांगितला, माझ्या टाळाटाळीसकट. एकाचा नवस दुसऱ्याने फेडला तर चालतो का, हे विचारायलाच इतक्या लांब आलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. विचारावं लागलं नाही. इंदूबाईंनी डब्यातून तांदूळ काढले, नारळ घेतला, चपला पायात सरकवल्या.

"माझं कुंकू गेलं, पण देवीची नि माझी ओळख जुनी आहे. चला."

देऊळ चाळीच्या टोकाला, दोन माणसं उभी राहतील एवढंच. त्यांनी ओटी भरली आणि देवीला मोठ्याने सांगितलं, "ही सुमीची गो. उशीर तिच्याकडून नाही झाला." मी बाहेर मान खाली घालून उभा होतो. माझा देवावर विश्वास आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण ज्या लेखकाने वाचणाऱ्या बायकांचं ऐकून आपल्या कादंबरीचा शेवट हाताने, घरोघर जाऊन बदलला, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

घरी आल्यावर मसाला डब्यात भरला आणि पुस्तक उघडलं. नाईकधुऱ्यांच्या ओळीखाली थोडी जागा उरली होती. पेन्सिलीला टोक काढलं आणि लिहिलं, 'सुमनचीही.'